मत देणे आणि मत मोजणे : केनियातील निवडणुका



कामगार संघटनेत उभा जन्म घालवलेल्या माणसाने परदेशच्या राजकारणावर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे वाटेल. वाटल्यास त्यात गैर काही नाही. मी केनिया पाहिलेला नाही. तिथल्या चौकशी आयोगांचे अहवाल, न्यायालयांचे निकाल आणि वर्तमानपत्रे एवढेच माझे भांडवल, आणि तेही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलेले. परंतु निवडणूक ही वस्तू मात्र मी फार जवळून पाहिली आहे. संघटनेच्या कार्यकारिणीच्या, पतपेढीच्या, कँटीन कमिटीच्या कितीतरी निवडणुकांत पेटीला सील लावणे, मोजणीला बसणे आणि हरलेल्या माणसाला रात्री घरी पोचवणे ही कामे मी केली आहेत. त्या डोळ्यांनी मी हे सारे वाचले आणि त्या डोळ्यांना जे दिसले तेवढेच आज सांगणार आहे.

शिवाय केनिया आपल्याला वाटतो तितका परका नाही. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत इंग्रजांनी रेल्वे टाकली. ती टाकण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले आणि त्यांतले अडीच हजारांच्या आसपास परत आले नाहीत. तिथे कामगार संघटनेचा पाया घालणाऱ्यांत माखन सिंग हा पंजाबी गृहस्थ पहिल्या रांगेत होता. १९५० च्या एप्रिलमध्ये नैरोबीच्या जाहीर सभेत त्याने पूर्व आफ्रिकेला स्वातंत्र्य मिळालेच पाहिजे अशी उघड मागणी केली. पुढच्याच महिन्यात त्याला पकडले आणि १९६१ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, स्थानबद्धतेत ठेवले. दुसरे नाव पिओ गामा पिंटो. आईबाप गोव्याचे, जन्म नैरोबीचा. तरुणपणी हा माणूस मुंबईत टपाल-तार खात्यात नोकरीला होता, तिथल्या संपात होता, गोव्याच्या मुक्तीच्या चळवळीत होता. केनियाला परतल्यावर इंग्रजांनी त्यालाही कित्येक वर्षे अडकवून ठेवले. देश स्वतंत्र झाल्यावर तो संसदेचा सभासद झाला आणि १९६५ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या घराच्या दारात गोळी घालून मारला गेला. स्वातंत्र्याला तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. मजुरांना मताचा हक्क मिळावा म्हणून ज्यांनी तुरुंग पाहिला, त्यांच्या देशात त्या मताचे पुढे काय झाले, ही उत्सुकता माझ्यासारख्याला असणे स्वाभाविक आहे.

झाले ते थोडक्यात असे. १२ डिसेंबर १९६३ ला देश स्वतंत्र झाला. जोमो केन्याटा पुढारी. तीन वर्षांत त्यांचे सहकारी ओगिंगा ओडिंगा बाहेर पडले, त्यांनी वेगळा पक्ष काढला, १९६९ मध्ये त्या पक्षावर बंदी आली. त्याच वर्षी टॉम म्बोया या कामगार पुढाऱ्याचा नैरोबीत भर रस्त्यावर खून झाला. १९७८ मध्ये केन्याटा वारले, डॅनियल अराप मोई आले आणि १९८२ मध्ये घटनेत एक कलम घालून देशात एकच पक्ष राहील असे ठरवून टाकले. निवडणुका मात्र होतच होत्या! एकपक्षीय देशांना निवडणुकांची फार हौस असते.

यांतल्या १९८८ च्या निवडणुकीवर मला थोडे थांबायचे आहे. पक्षाचे उमेदवार ठरवण्यासाठी त्या वर्षी मतपत्रिका आणि पेटीच काढून टाकली. मतदारांनी मैदानात यायचे आणि आपल्याला हव्या त्या उमेदवाराच्या चित्रामागे रांग लावून उभे राहायचे. स्वाहिली भाषेत याला म्लोलोंगो म्हणतात, म्हणजे रांग. अधिकाऱ्याने डोकी मोजायची. ज्याच्या मागे शंभरात सत्तराहून जास्त डोकी, तो थेट निवडून आला. त्याला पुढे गुप्त मतदानाची गरजच नाही. वरवर पाहता यात लबाडीला जागा कुठे आहे? सारे उघड, सूर्यप्रकाशात, गावासमोर. काही भाबड्या माणसांनी हे आफ्रिकेच्या जुन्या ग्रामसभेचे पुनरुज्जीवन आहे असेही म्हटले. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी लांब रांगेचा उमेदवार हरला आणि आखूड रांगेचा जिंकला. रांग मोडून लोक घरी गेले की फेरमोजणी कशाची करणार? कागद नाही, पेटी नाही. माणसांचे पाय हीच मतपत्रिका, आणि ते पाय संध्याकाळी घरी गेलेले.

दुसरे असे की रांगेत कोण कुठे उभे आहे हे गावातल्या सरकारी अधिकाऱ्याला, सावकाराला, शाळेच्या हेडमास्तरला, सगळ्यांना दिसत होते. हात वर करून मत द्यायला लावणे म्हणजे काय, हे ज्याने कारखान्याच्या गेटवर पाहिले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. एका कारखान्यात मी तो प्रकार पाहिला. व्यवस्थापनाला सोयीची संघटना हवी की नको यासाठी गेटसभेत हात वर करायला सांगितले, आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीत कामगार अधिकारी वही घेऊन उभा. वहीत तो काही लिहीत होता की नाही हे आजवर कुणाला कळले नाही. कळण्याची गरजही नव्हती. आदल्या रात्री माझ्यासमोर शपथा घेतलेल्या माणसांचे हात खांद्याच्या वर गेले नाहीत. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. त्यांना घरभाडे होते. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कायद्याने संघटनेला मान्यता दिली ती वर्गणीच्या पावत्या तपासून, गुप्त मतदान घेऊन नव्हे, आणि त्याविषयी आमच्या चळवळीत वर्षानुवर्षे वाद झाला तो याच कारणासाठी. गुप्त मतदान ही गरीब माणसाची गरज आहे. ज्याला कोणाची भीती नाही त्याला उघड मत देणे परवडते.

१९९१ च्या डिसेंबरात, बाहेरून मदतीचे पैसे अडकल्यावर आणि आतून लोक रस्त्यावर आल्यावर, मोईंनी एकपक्षाचे कलम मागे घेतले. १९९२ च्या निवडणुकीत ते सुमारे ३६ टक्के मतांवर निवडून आले. विरोधक आपसांत तीन ठिकाणी फुटले होते. विरोधकांना फोडण्याची ही कला कुठल्याही मालकाला शिकवावी लागत नाही. त्याच वेळी रिफ्ट दरी म्हणून जो सुपीक प्रदेश आहे तिथे घरे जाळून हजारो लोकांना हाकलले. हाकललेला माणूस आपल्या केंद्रावर मत द्यायला येऊ शकत नाही, हा त्यातला हिशेब होता. १९९७ मध्ये त्याचीच छोटी आवृत्ती निघाली. २००२ मध्ये मात्र विरोधक एक झाले, म्वाई किबाकी सुमारे ६२ टक्के मतांनी निवडून आले आणि मोई मुकाट्याने खुर्चीवरून उठले. मतमोजणी पहिल्यांदाच मतदानाच्या जागीच झाली ती याच वेळी. देशाला वाटले, आता सगळे सुरळीत होणार.

आणि मग २००७ साल उजाडले.

२७ डिसेंबरला मतदान झाले. एका बाजूला किबाकी, दुसऱ्या बाजूला ओगिंगा ओडिंगांचे चिरंजीव राइला ओडिंगा. लोक पहाटेपासून रांगेत उभे होते, आणि शांततेने. पहिले दोन दिवस राइला पुढे होते. मग आकडे यायचे मंदावले. काही मतदारसंघांचे निर्णय अधिकारी फोनच उचलीनात. आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइतू यांनी भर पत्रकारांसमोर आपल्याच अधिकाऱ्यांवर संताप व्यक्त केला. ३० तारखेला मोजणीच्या सभागृहात गोंधळ झाला, पत्रकारांना बाहेर काढले, थेट प्रक्षेपणावर सरकारने बंदी घातली, आणि एका खोलीत फक्त सरकारी वाहिनीच्या कॅमेऱ्यापुढे निकाल जाहीर झाला: किबाकी ४५,८४,७२१, ओडिंगा ४३,५२,९९३. फरक २,३१,७२८ मतांचा. त्यानंतर तासाभरातच, दिवेलागणीच्या वेळी, अध्यक्षीय निवासाच्या हिरवळीवर शपथविधी उरकलाही. मध्यरात्री सही केलेला करार कामगाराच्या हिताचा निघाल्याचे मला आठवत नाही. पुढे दोनच दिवसांनी किवुइतूंनी पत्रकारांपुढे कबूल केले की, किबाकी खरोखर जिंकले की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. ज्याने निकाल वाचून दाखवला त्यालाच निकाल ठाऊक नव्हता!

पुढच्या दोन महिन्यांत १,१३३ माणसे मेली. हा आकडा न्यायमूर्ती वाकी यांच्या आयोगाचा आहे. साडेतीन लाखांहून अधिक लोक बेघर झाले. एल्डोरेट शहराजवळ एका चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्या बायकामुलांना १ जानेवारी २००८ ला आतच जाळले. परंतु वाकी अहवालातला दुसरा एक आकडा तितकाच ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मेलेल्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक माणसे बंदुकीच्या गोळीने मेली, आणि बंदुका मुख्यतः पोलिसांच्या हातात होत्या. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून ‘टोळ्यांची कत्तल’ एवढेच छापून आले.

टोळ्या, जमाती हे उत्तर फार सोपे आहे, आणि ते देणाऱ्याला स्वतःविषयी बरे वाटते, म्हणून ते मला पटत नाही. केनियात चाळीसांहून अधिक जमाती आहेत हे खरे, आणि किकुयू, लुओ, कालेंजिन यांच्यात तेढ आहे हेही खरे. पण शेजारी शेजाऱ्यावर सदासर्वदा धावून जात नाही. निवडणूक आली की धावतो. का? तर रिफ्ट दरीतल्या जमिनी गोऱ्यांनी बळकावल्या होत्या, त्या स्वातंत्र्यानंतर ज्यांच्या होत्या त्यांना परत न मिळता, ज्यांचा सत्तेशी संबंध होता त्यांच्याकडे आणि ज्यांनी पैसे उभे केले त्यांच्याकडे गेल्या. आणि जुन्या घटनेत अध्यक्षाच्या हातात जमीन, नोकऱ्या, रस्ते, न्यायाधीशांच्या नेमणुका असे सर्व काही होते. खायची पाळी आता आमची, असा एक वाक्प्रचार तिथे रूढ आहे. सबंध कारखान्याचा पगार एकाच पाकिटात घालून ते एकाच खात्याला द्यायचे ठरवले, तर फिटर आणि विणकर एकमेकांची डोकी फोडतील, आणि मालक म्हणेल, बघा, यांच्यात जातीयता किती! जात आपल्याकडेही आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण काडी कोण ओढतो हे पाहिल्याखेरीज गवताला दोष देऊ नये.

कोफी अन्नान यांनी नैरोबीत तळ ठोकून २८ फेब्रुवारी २००८ ला समेट घडवला. किबाकी अध्यक्ष, राइला पंतप्रधान. दक्षिण आफ्रिकेचे निवृत्त न्यायाधीश जोहान क्रीग्लर यांनी निवडणुकीची चौकशी केली. हा अहवाल प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. कोण जिंकला हे शोधून काढणे आता अशक्य आहे, असा त्यांचा निष्कर्ष. मतदारयादीत सुमारे बारा लाख मृत माणसांची नावे होती. आणि खोटे मतदान एकाच बाजूने केले नव्हते. ज्याचा जिथे बालेकिल्ला, तिथे त्याच्या माणसांनी पेट्या भरल्या होत्या. दुसऱ्या पक्षाचा प्रतिनिधी तिथे बसायला धजावलाच नव्हता. आपली लबाडी ती युक्ती आणि त्यांची ती चोरी, असे म्हणायची सोय क्रीग्लर यांनी कुणालाच ठेवली नाही, म्हणून दोन्ही पक्षांना तो अहवाल फारसा रुचला नाही.

त्यातून २०१० ची नवी घटना आली. अध्यक्षाला निम्म्याहून अधिक मते पाहिजेत, आणि ४७ परगण्यांपैकी निदान २४ परगण्यांत पाव हिस्सा मते पाहिजेत; म्हणजे एकाच मुलखाच्या जोरावर गादी नाही. निकालावर सात दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जाता येते आणि न्यायालयाने चौदा दिवसांत निर्णय द्यायचा. आणि शपथविधी लोकांसमोर, सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळातच व्हायचा, असा पुढे कायदाच केला. दिवेलागणीचा तो प्रसंग लोक विसरले नव्हते.

कायदा झाला म्हणून माणसे सुधारत नाहीत. २०१३ मध्ये बोटांचे ठसे घेणारी यंत्रे ठिकठिकाणी बंद पडली, आकडे पाठवण्याची यंत्रणा कोसळली, आणि उहुरू केन्याटा पन्नास टक्क्यांची रेषा जेमतेम आठ हजारांच्या आसपास मतांनी ओलांडून गेले. न्यायालयाने निकाल कायम केला. मतपत्रिका छापणाऱ्या एका इंग्रज कंपनीच्या माणसांना केनियातील निवडणूक अधिकाऱ्यांना लाच दिल्याबद्दल २०१४ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दोषी ठरवले. त्यांच्या पत्रव्यवहारात लाचेला ‘कोंबडी’ असे सांकेतिक नाव होते. आपल्याकडे चहापाणी म्हणतात. तिकडचा चहापाण्याचा बेत जरा मोठा दिसतो.

२०१७ ची गोष्ट मात्र विलक्षण आहे. मतदानाला जेमतेम दहा दिवस उरलेले असताना आयोगाच्या संगणक विभागाचा प्रमुख ख्रिस म्सांडो हा छळ करून मारलेला सापडला. ८ ऑगस्टला मतदान झाले, केन्याटा सुमारे चौदा लाख मतांनी विजयी घोषित झाले, परदेशी निरीक्षकांनी मतदान ठीक झाल्याची ग्वाही दिली. ओडिंगा न्यायालयात गेले. न्यायालयाने आयोगाला सांगितले, तुमचे संगणक तपासू द्या. आयोगाने ते पुरते उघडलेच नाहीत. १ सप्टेंबर २०१७ ला मुख्य न्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या न्यायपीठाने चार विरुद्ध दोन मतांनी अध्यक्षांची निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत असे पूर्वी कधी झाले नव्हते. मोठी आघाडी आहे म्हणून मोजणीची रीत कशीही चालेल, असे नाही, हा त्या निकालाचा गाभा. केन्याटांनी जाहीर सभेत न्यायाधीशांना बदमाश म्हटले, तरी निकाल पाळला. मला यातल्या दुसऱ्या गोष्टीचे मोल अधिक वाटते. शिव्या देत का होईना, पण पाळला.

फेरनिवडणूक २६ ऑक्टोबरला ठरली. आयोग सुधारत नाही म्हणून राइलांनी बहिष्कार पुकारला. मतदान पुढे ढकलण्याचा अर्ज आदल्या दिवशी सुनावणीला होता. पण त्याच्याही आदल्या दिवशी उपमुख्य न्यायाधीशांच्या ड्रायव्हरवर गोळीबार झाला, आणि सुनावणीला पुरेसे न्यायाधीशच जमले नाहीत. सुमारे ३९ टक्के मतदान झाले, केन्याटांना ९८ टक्के मते पडली, आणि पंचवीस मतदारसंघांत मतदान झालेच नाही. बहिष्काराविषयी माझे मत मी स्पष्ट सांगतो. कामगार संपावर गेला तर यंत्र बंद पडते, म्हणून संपात ताकद आहे. मतदार बहिष्कारावर गेला तर यंत्र बंद पडत नाही; ते त्याच्यावाचून चालते आणि दुप्पट वेगाने चालते. राइलांची तक्रार खरी होती. त्यांचे हत्यार चुकले.

आता २०२२. तिथे मत मोजले जाते ते मतदान जिथे झाले त्याच शाळेच्या वर्गात, रात्री, कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात, सर्व पक्षांच्या प्रतिनिधींसमोर. निकाल ३४-ए नावाच्या नमुन्यावर लिहितात, प्रतिनिधी सह्या करतात, एक प्रत दारावर चिकटवतात. २०१७ मध्ये न्यायालयांनी ठरवून दिले होते की या वर्गातला आकडा अंतिम. राजधानीत बसलेल्या कुणालाही तो बदलता येणार नाही. २०२२ मध्ये आयोगाने ४६,००० हून अधिक केंद्रांच्या या कागदांची छायाचित्रे जशी येतील तशी सर्वांसाठी खुली केली. ज्याला बेरीज येते त्याने बेरीज करावी! वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतून आणि महाविद्यालयांतल्या खोल्यांतून मुले आकडेमोड करीत बसली. आपल्याकडे प्रत्येक बूथवर १७-सी नमुन्यात किती मते पडली याची प्रत प्रतिनिधीला मिळते. ती मागून घेऊन जपून ठेवणारे प्रतिनिधी किती असतात, हे आपण आपल्या वॉर्डात विचारून पाहावे.

निकाल लागला. विल्यम रूटो ७१,७६,१४१, राइला ओडिंगा ६९,४२,९३०. वजाबाकी केल्यास २,३३,२११. मघाचा आकडा आठवा : २००७ चा फरक २,३१,७२८. दीड हजारसुद्धा अंतर नाही. देश तोच, हरलेला उमेदवार तोच, फरकही जवळजवळ तोच. या वेळीही निकालाच्या व्यासपीठावर धक्काबुक्की झाली, सातपैकी चार आयुक्तांनी निकालाशी आपला संबंध नाही असे जाहीर केले, नैरोबीतला एक निवडणूक अधिकारी बेपत्ता होऊन मृत सापडला. वात तयारच होती. तरीही २००७ सारखा वणवा पेटला नाही. हरलेला पक्ष न्यायालयात गेला; ५ सप्टेंबर २०२२ ला न्यायालयाने एकमताने निकाल कायम केला. माणसे पंधरा वर्षांत एकाएकी साधू झाली नव्हती. वर्गाच्या दारावरचा आकडा आणि राजधानीतला आकडा एकच आहे की नाही, हे ज्याला शंका आली त्याला घरबसल्या पाहता येत होते, एवढा बदल झाला होता. आणि ज्याचे समाधान झाले नाही त्याला जायला एक दार होते, ज्या दाराने पाच वर्षांपूर्वी एकदा त्याला न्याय दिला होता.

स्वाहिलीत सामान्य नागरिकाला म्वानान्ची म्हणतात. शब्दशः देशाचे लेकरू. हे लेकरू आता थोडे रुसलेले दिसते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ७८ टक्क्यांच्या आसपास मतदान होते, ते २०२२ मध्ये ६५ वर आले. तरुणांनी नावेच नोंदवली नाहीत. त्याच तरुणांनी २०२४ च्या जूनमध्ये करवाढीविरुद्ध उठाव केला, संसदेत घुसले, गोळ्या खाल्ल्या, आणि सरकारला वित्त विधेयक मागे घ्यायला लावले. निवडणुकीवर ज्यांचा भरवसा नाही पण देशावर आहे, अशी ही मुले. त्यांना कुठल्या संघटनेत बसवायचे हा प्रश्न तिथल्या पुढाऱ्यांना सुटलेला नाही. राइला ओडिंगा तर २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे केरळात आयुर्वेदिक उपचारांसाठी आले असताना वारले.

आणि ज्या आयोगासाठी एवढे रक्त सांडले, त्याच्या अध्यक्षाची खुर्ची २०२३ च्या जानेवारीत मुदत संपल्यावर रिकामी पडली ती २०२५ च्या जुलैपर्यंत. राजकारण्यांचे आपसांत जमेना, न्यायालयात खटले चालले. इथिओपियाच्या सीमेजवळ बनिसा नावाचा एक कोरडा, गरीब मतदारसंघ आहे. तिथला खासदार २०२३ च्या मार्चमध्ये मरण पावला. त्याच्या जागी माणूस निवडायला आयोगच नव्हता, म्हणून त्या लोकांना अडीच वर्षांहून अधिक काळ संसदेत कुणीही प्रतिनिधी नव्हता. तिथे मतदान झाले ते २७ नोव्हेंबर २०२५ ला.